दूध तोडण्याचा अधिकार

निरपराध जीवाला दुःख का भोगावे लागते, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या दप्तरी फार प्राचीन काळापासून दाखल झालेला आहे. पण तो मांडताना आचार्यांच्या नजरेसमोर बहुधा मनुष्याचे मूल असते, पशूचे मूल क्वचितच असते. मनुष्याच्या मुलाविषयी बोलताना मातापित्यांचे कर्म, कुळाचे प्राक्तन, पुढील आयुष्यात उमगेल असे एखादे हित, असे अनेक आडोसे हाताशी असल्यामुळे प्रश्नाची धार काहीशी बोथट होते. गोठ्याच्या कोपऱ्यात, ओल्या लेंड्यांच्या थरावर, मान पोटाशी घेऊन पडलेल्या दोन महिन्यांच्या करडापुढे मात्र यांपैकी एकही आडोसा टिकत नाही. म्हणून हा प्रश्न मला तेथेच, त्या करडाजवळच विचारावासा वाटतो. ज्यांना विषय क्षुद्र वाटेल त्यांना एवढेच निवेदन की, माण, खटाव, सांगोला, भूम, परंडा अशा अवर्षणाच्या तालुक्यांत ज्या कुटुंबांच्या नावे जमीन नाही, किंवा असूनही तिच्यावर भरवसा ठेवावा असे काही पिकत नाही, त्या कुटुंबांचा संसार दोन-चार काळ्या उस्मानाबादी शेळ्यांच्या आधाराने चालतो, आणि त्यांची करडे जगली की गेली यावर घरातील औषधपाणी, किराणा आणि मुलांची शाळा या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

दूध तुटण्याच्या सुमारास करडू आजारी कसे पडते, हे ज्याने पाहिले नसेल त्याच्यासाठी थोड्या तपशिलाने सांगणे अवश्य आहे. काल डालग्यावर चढून उड्या मारणारे पिल्लू आज कळपापासून दूर, पाठीची कमान करून, कान पाडून उभे राहते. कोरडी, गोल, काळी लेंडी जाऊन पातळ हगवण सुरू होते, शेपटीखालचे केस चिकटून येतात, आणि पुढे आव व रक्ताचे धागे दिसू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे खोल जातात; मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच पूर्ववत न बसता तशीच उंच राहते. तोंडात बोट घालून पाहावे, तर जीभ थंड लागते, आणि बोट चोखण्याची ती जन्मजात ओढ, जी दोन दिवसांपूर्वी माणसाच्या कोपराला, धोतराच्या सोग्याला, शेजारच्या करडाच्या कानालाही लुचत होती, ती नाहीशी झालेली असते. जनावराची पारख असलेली माणसे ताप पाहण्यापूर्वी ही ओढ पाहतात, आणि ती गेलेली आढळली की त्यांचा चेहरा उतरतो.

अशाच एका करडाजवळ बसलेल्या माणदेशातील एका वृद्ध मालकिणीला मी विचारले, “मावशी, हे कशानं झालं?” त्या म्हणाल्या, “त्येचं भोग हायती, गुरुजी. आपल्या हातात काय हाय?” आणि हे बोलत असताना त्यांच्या एका मांडीवर ते करडू होते, बाजूच्या वाटीत कोमट पाण्यात विरघळवलेले मीठ आणि साखर होती, आणि बोटाला गुंडाळलेल्या धडप्याने त्या ते पाणी थेंबथेंब त्याच्या गालात सोडीत होत्या. जिभेने एक सिद्धांत सांगावा आणि हातांनी त्याच क्षणी त्याचे खंडन करावे, असा तो प्रसंग होता. आणि धर्मविचाराच्या दृष्टीने जिभेपेक्षा त्या हातांची साक्ष मला अधिक ग्राह्य वाटते.

पण जिभेचा सिद्धांतही क्षुल्लक नाही. तो आपल्या दर्शनकारांनी मोठ्या बौद्धिक प्रामाणिकपणाने उभारलेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात बादरायणांनी ईश्वरावरील दोन आरोप स्वतःच नमूद केले आहेत: एक वैषम्याचा, म्हणजे पक्षपाताचा, आणि दुसरा नैर्घृण्याचा, म्हणजे निर्दयपणाचा. कोणाला सुख आणि कोणाला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती ठरतो, आणि प्राण्यांना दुःख देऊन शेवटी सर्वांचा संहार करणारा तो निर्दय ठरतो, ही फिर्याद त्यांनी दडपून न टाकता खुल्या सुनावणीस घेतली, याबद्दल त्या परंपरेविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. शंकराचार्यांनी भाष्यात दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे: पर्जन्य सर्व बीजांना सारखाच, पण साळीतून साळ आणि जवातून जव उगवतो तो त्या त्या बीजातील सामर्थ्यामुळे; तद्वत् ईश्वर हे साधारण कारण असून जीवांतील भेद ज्याच्या त्याच्या कर्मामुळे घडतो. पहिल्या जन्मी कर्म कोठून आले असे कोणी विचारील, म्हणून लगेच पुढील सूत्रांत संसाराचे अनादित्व सांगून तीही वाट बंद केलेली आहे. शिवाय पशूंच्या योनीला परंपरेने भोगयोनी मानले. तेथे नवे पाप-पुण्य जमा होत नाही, मागील बाकीचीच फेड होते. या हिशोबात करडाच्या हगवणीला जागा आहे, त्या ईश्वराला दोषमुक्ती आहे, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात फट सापडत नाही.

तरीही हा सिद्धांत कोण कोणाविषयी उच्चारतो, यावर त्याचे नैतिक मूल्य पालटते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वतः दुःख भोगणाऱ्या मनुष्याने ‘हे माझे प्राक्तन’ असे म्हणावे, तर त्यातून धैर्य, क्षमा, इतरांवर दोष न टाकण्याची वृत्ती निर्माण होते. आपल्या संतमंडळींनी हा उच्चार केला तो याच अर्थाने. पण तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून उच्चारले गेले, आणि उच्चारणाऱ्याच्याच ताब्यात त्या दुःखाचे कारण असले, तर ते वाक्य धर्मवाक्य न राहता आरोपीने स्वतःच लिहून घेतलेली फारखती होते. करडू ‘माझे भोग’ असे कधीच म्हणत नाही. त्याच्या वतीने ते नेहमी आपणच म्हणतो, आणि त्याचे दूध कोणी, केव्हा व किती तोडले याचा तपास मग तहकूब होतो. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या दोन विषयांना एकाच प्रकरणात बसविले, विपाकाचा भाग वाचून स्वातंत्र्याचा तेवढा गाळण्याची मुभा त्यांनी वाचकाला ठेवली नाही. गोठ्यात मात्र ती मुभा आपण सर्रास घेतो.

म्हणून ईश्वरावरील फिर्याद चालविण्यापूर्वी प्रथम हे पाहिले पाहिजे की, या दुःखात मनुष्याच्या हाताचा वाटा किती आहे. शेळी पाच महिने गाभण राहते, पण तिची वार अशा घडणीची असते की मातेच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये तिच्यातून गर्भात उतरत नाहीत. मनुष्याचे मूल मातेच्या उदरातूनच त्या संरक्षणाचा काही अंश घेऊन येते. करडू रिकाम्या हातांनी येते, आणि त्याचा सारा वारसा पहिल्या दिवसांच्या चिकात साठविलेला असतो. हा वारसा उचलण्याची मुदतही फार थोडी असते. जन्मल्यापासून पहिल्या काही तासांत करडाच्या आतड्याला ती द्रव्ये जशीच्या तशी रक्तात शोषून घेता येतात. तासागणिक ही शक्ती ओसरते, आणि एक दिवस उलटला की दार जवळजवळ बंद होते. दोन-अडीच किलो वजनाच्या करडाला पहिल्या चोवीस तासांत पाव लिटरच्या आसपास चीक पोटात जावा लागतो, आणि त्यातला पहिला घोट उभे राहता क्षणीच. असे असता अनेक ठिकाणी वार पडेपर्यंत करडाला सडाशी जाऊ द्यायचे नाही असा रिवाज आहे, काही ठिकाणी पहिला चीक ‘जड’ म्हणून मातीत पिळून टाकतात, आणि पुष्कळ घरांत त्याचा खरवस होतो. पुढे दीड-दोन महिन्यांनी दूध तुटताना जे करडू दगावते, त्याच्या मृत्यूचा पाया पुष्कळदा त्या पहिल्या दिवशीच घातला गेलेला असतो.

येथे आपल्या स्मृतिकारांची आठवण होते. व्यालेल्या गायीचे दूध दहा दिवस पिऊ नये, आणि जिचे वासरू जवळ नाही तिचेही पिऊ नये, असे मनूने सांगितले आहे. गौतमाच्या धर्मसूत्रात दहा दिवसांचा हा निर्बंध शेळी आणि म्हैस यांनाही स्पष्टपणे लागू केलेला आहे. निर्बंधाचा आधार सूतकाचा, म्हणजे अशौचाचा आहे, दयेचा नाही, हे मी नाकारीत नाही. जे ग्रंथात नाही ते भक्तीच्या भरात ग्रंथावर लादणे हा अभ्यासकाचा धर्म नव्हे. पण नियमाचा परिणाम काय झाला असेल याचा विचार करा. दहा दिवस तो सगळा चीक आणि ते सगळे दूध, दुसरा हक्कदारच नसल्यामुळे, पिल्लाच्या पोटात गेले असेल. सोवळ्याओवळ्याचे असंख्य नियम आपण अतिशय कडकपणे पाळीत आलो, आणि ज्या एका नियमाने मुक्या जिवाचे प्रत्यक्ष कल्याण होत होते तोच खरवसाच्या वडीखातर विसरलो, याचे मला मनापासून दुःख होते. खरवस करू नये असे माझे म्हणणे नाही. पिल्लांची गरज भागून उरला तर अवश्य करावा. प्रथम हक्क कोणाचा, एवढाच वाद आहे.

जैन आचार्यांनी हा वाद अधिक सूक्ष्मपणे चालविला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला डाग लावणारे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जीव घेणे ही तर उघड हिंसा झालीच. पण बांधून ठेवणे आणि अन्नपाणी अडविणे यांनाही त्यांनी अतिचारांच्या यादीत स्थान दिले, आणि ते संन्याशासाठी नव्हे, गुरे बाळगणाऱ्या प्रापंचिकासाठी. आता गोठ्यातील व्यवहार या यादीशी ताडून पाहावा. करडाने पिऊ नये म्हणून त्याला डालग्याखाली झाकतात. कोठे तोंडाला मुसके बांधतात, कोठे सडांना शेण फासतात, कोठे शेळीच्या कासेवर कापडी पिशवी चढवितात. यांतील प्रत्येक कृती बंध किंवा अन्नपाननिरोध या दोहोंपैकी एकात मोडते. तेव्हा व्रती मनुष्याने शेळी पाळूच नये काय? की दूध तोडण्याची एखादी अशी रीत आहे, जी अतिचाराच्या कक्षेबाहेर राहते?

याचे उत्तर शेळीनेच दिलेले आहे, असे मला वाटते. दूध केवळ मनुष्यच तोडतो असे नाही, शेळीही तोडते. करडू मोठे होऊन ढुशा देऊ लागले की ती प्रथम थोडा वेळ पाजून मागचा पाय उचलते आणि त्याच्यावरून पुढे निघून जाते. ते पुन्हा येते, ती पुन्हा चालू लागते. काही दिवसांनी शिंगाने हलकेच दूर सारते, आणि मधूनच, विशेषतः रात्री, पुन्हा उभी राहून पाजते. काही आठवडे चालणाऱ्या या नकारात क्रम असतो, आणि ज्या प्रमाणात दूध कमी होते त्याच प्रमाणात करडू तिच्याच शेजारी उभे राहून, ती ज्या झुडपाला तोंड लावते त्यालाच तोंड लावून, पाला खायला शिकत असते. जन्मतः त्याच्या चार कप्प्यांच्या जठरात चौथा कप्पाच काय तो कामाचा असतो. चोखताना अन्ननलिकेच्या शेवटची एक घडी मिटून दूध थेट त्यात उतरते, आणि ज्याच्या बळावर पुढे सारे आयुष्य काढायचे ते कोटीपोट तोवर नुसती सुरकुतलेली पिशवी असते. दोन आठवड्यांचे झाल्यावर करडू कोवळी पाने चघळू लागते, त्या चघळण्यानेच कोटीपोट वाढीस लागते, आणि ते पुरते कामाला येण्यास दीड-दोन महिने सहज लागतात. निसर्गातले तोडणे हे असे आधी दुसरे काही जोडून झाल्यानंतरचे तोडणे असते.

मनुष्याच्या मुलाच्या बाबतीत आपण हे अचूक ओळखले. सहाव्या महिन्यात उष्टावण करतो ते अंगावरचे दूध बंद करण्यासाठी नव्हे. दूध चालू असतानाच खिरीचे पहिले बोट चाटवायचे असते. पुढे मुंजीत मातृभोजनाचा विधी येतो, आईच्या ताटात शेवटचे जेवण जेवून मुलाने गुरुगृहाकडे वळायचे असते, आणि त्या वेळी डोळ्यांना पदर न लावणारी आई मी पाहिलेली नाही. मातेपासून अपत्याचे वियुक्त होणे हा अधर्म नव्हे, तो धर्मच आहे, पण त्याला काळ आहे, पूर्वतयारी आहे, साक्षी आहेत, ही जाण त्या दोन्ही संस्कारांच्या मुळाशी आहे. करडाचे उष्टावण कोणी करीत नाही. गिऱ्हाईक वाढले, दुधाला भाव आला, किंवा शेळी विकायची ठरली, की एका सकाळी तोडणे घडते; कधी अवघ्या तीन-चार आठवड्यांच्याच त्या जिवाला आईपासून दूर, इतर करडांसह एका लहान ओलसर खणात कोंडले जाते, आणि तेथेच रोग वाट पाहत असतो. कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय परोपजीवी मोठ्या शेळ्यांच्या आतड्यांतही थोडेबहुत असतातच, पण त्यांचे सहसा काही बिघडत नाही; करडेही कोरड्या, स्वच्छ जागेत आईचे दूध पीत असताना हळूहळू त्यांच्याशी टक्कर देण्यास शिकतात. गर्दी, ओल, विष्ठेने माखलेले खाद्य आणि मातेच्या वियोगाचा धक्का या चार गोष्टी एकत्र आल्या की तेच परोपजीवी आतड्याचे अस्तर सोलून काढतात. रोगाचे बीज ईश्वराने निर्माण केले असेल. त्याला ही जमीन मात्र आपण तयार करून दिली.

दयेनेही करडे मरतात, हे येथेच सांगितले पाहिजे, कारण ते सांगण्यास धर्मोपदेशक सहसा धजत नाहीत. दूध तोडल्याची मनाला टोचणी लागलेली एखादी मालकीण भरपाई म्हणून करडापुढे एकदम पायलीभर भरडा ठेवते, किंवा पहिल्या पावसाचा लुसलुशीत चारा पोटभर घालते. कळपातील सर्वांत सशक्त करडू सर्वांत जास्त खाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय ताठ करून पडलेले आढळते. याला आंत्रविषार म्हणतात. आतड्यात आधीपासून असलेले जंतू त्या अकस्मात आलेल्या समृद्धीवर बेसुमार वाढून विष निर्माण करतात. पावसाळ्यापूर्वी टोचण्याची त्याची लस आहे, आणि खुराक दिवसादिवसाने वाढवणे हा साधा उपाय आहे. तसेच थंडीने गारठलेल्या करडाला कळवळून लगेच दूध पाजणे घातक ठरते; आधी त्याला ऊब द्यावी लागते, कारण गार पडलेल्या पोटात दूध पचत नाही. बौद्ध परंपरेने करुणेबरोबर प्रज्ञेचा सतत उल्लेख का केला असावा, हे मला ग्रंथापेक्षा अशा गोठ्यांत अधिक स्पष्टपणे कळले.

दुधाच्या हक्काच्या या विचारात शेळीचे नाव घेताच गांधीजींचे स्मरण अपरिहार्य आहे, पण ते सहसा चुकीच्या बाजूने केले जाते. १९१२ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. गायीम्हशींकडून अखेरचा थेंब ओढून घेण्यासाठी केल्या जाणाऱ्या ‘फुंके’च्या क्रूर प्रकाराची त्यांना आलेली किळस हेही त्या निश्चयामागचे एक कारण होते. १९१९ च्या आरंभी मुंबईत शस्त्रक्रियेनंतर त्यांची प्रकृती अगदी खालावली असता कस्तुरबांनी सुचविले की, व्रत गायीम्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या दुधाला हरकत नसावी. आणि त्यांनी ते मान्य केले. आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच नमूद केले आहे की व्रताचे अक्षर राहिले आणि आत्मा गेला. लोक या प्रसंगाचे तात्पर्य ‘शेळीचे दूध आरोग्यदायी’ असे काढतात. मला त्यातले गांधीजींचे शल्य अधिक मोलाचे वाटते. शेळीच्या कासेखालीही एक करडू असते, हे त्यांना ठाऊक होते; म्हणूनच व्रताच्या शब्दांनी निर्दोष ठरूनही त्यांचे समाधान झाले नाही. पुढे अखेरपर्यंत त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि संपत्तीविषयी जो विश्वस्तवृत्तीचा सिद्धांत ते सांगत राहिले त्याचा पुरता अर्थ मला या दुधाच्या संदर्भातच लागतो: ज्याच्या हाती दुसऱ्याचा ठेवा येतो, त्याच्या हाती ठेव्याबरोबर दुसऱ्याची कर्तव्येही येतात. करडाचे दूध आपण वसूल केले, की त्याच क्षणी त्याच्या आईची जबाबदारी आपल्या नावावर चढली. ऊब, कोरडी जागा, वेळेवर पहिला घास, आजारात जागरण, हे सारे तिचे कर्तव्य होते. दुधासोबत त्याचा ताबा आपल्याकडे आला. या अटीवर घेतलेले दूध मी अतिचार मानणार नाही. या अटीवाचून घेतलेले दूध, ते कोणत्याही देवाला नैवेद्य म्हणून दाखविले तरी, अपहारच मानीन.

या विचारावर एक कठोर आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. यांतील बहुतेक नर करडे काही महिन्यांनी बाजारात, जत्रेत किंवा खाटकाकडे जायची असतात. मग त्यांच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या सुखदुःखाची एवढी चौकशी कशाला? मी स्वतः मांसाहार करीत नाही, पण या आक्षेपाचे उत्तर मला मांसाहार व बलिदान मान्य करणाऱ्या धर्मांकडूनच मिळते. मोशेच्या धर्मशास्त्रात यज्ञपशू अर्पण करण्याची पूर्ण मुभा आहे. तरीही वासरू, कोकरू किंवा करडू जन्मले की सात दिवस ते त्याच्या आईपाशी राहिले पाहिजे, आठव्या दिवसापूर्वी त्याचे अर्पण स्वीकारार्ह नाही, असे लेवीय ग्रंथात स्पष्ट विधान आहे, आणि करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तर त्या शास्त्रात तीन वेळा आलेली आहे. आपल्या पूर्वीच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील बेने इस्राएल मंडळी, ज्यांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखत, कोकणी मराठी बोलत आणि तिळाचे घाणे चालवीत ही परंपरा शतकानुशतके सांभाळीत आली. बाराव्या शतकातील थोर यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीस याने आई आणि पिल्लू यांचा एकाच दिवशी वध न करण्याच्या आज्ञेविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले आहे की, अपत्यप्रेम बुद्धीवर अवलंबून नसल्यामुळे या बाबतीत पशूची वेदना आणि मनुष्याची वेदना यांत भेद नाही. ज्यांनी वधाची परवानगी दिली त्यांनीही त्यापूर्वीच्या आयुष्याचा हक्क निराळा मोजला. आयुष्य थोडे असले म्हणून त्यातील दिवस स्वस्त होत नाहीत. उलट ज्याला मोजकेच दिवस मिळणार, त्याचे आईजवळचे दिवस कापून घेणे हे मला अधिकच अन्यायाचे वाटते.

मनुष्याचा हा सारा वाटा वजा केल्यावरही काही बाकी उरते. चीक वेळेवर मिळालेले, कोरड्या जागेत वाढलेले, नीट क्रमाने दुधावरून चाऱ्यावर आलेले करडूही एखादे वेळी फुफ्फुसदाहाने धापा टाकीत मरते. तेथे ‘भोग’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार मला स्वतःला वाटत नाही, आणि वैषम्य-नैर्घृण्याची ती जुनी फिर्याद तेथे खऱ्या अर्थाने उभी राहते. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असह्य वेदनेने तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींच्या संमतीने विषाची टोचणी देऊन मरण दिले गेले, तेव्हा देशभर केवढा गदारोळ झाला! अहिंसेच्या नावाने त्यांच्यावर कठोर टीका झाली, आणि त्यांनी ती शांतपणे झेलली. त्या वेळी ते बरोबर होते की टीकाकार, याचा निर्णय मी आजही करू शकत नाही. पण वासराच्या वेदनेला त्यांनी सिद्धांताच्या आड जाऊ दिले नाही, ही गोष्ट मला निर्विवाद मोठी वाटते. शंकराचार्यांच्या उत्तराने ईश्वर निर्दोष ठरतो. मरणाऱ्या करडाजवळ बसलेल्याला त्या क्षणी ईश्वराच्या निर्दोषत्वाची फारशी चिंता नसते, आणि ती नसावी हे त्या ईश्वरालाही मान्य असेल अशी माझी श्रद्धा आहे.

सर्वांत अवघड प्रकरण शेवटी राहते, आणि ते दुष्काळाचे आहे. शेळीला सड दोनच. जुळी करडे झाली, आणि उस्मानाबादी शेळीला ती वारंवार होतात, तर एकेका सडावर एकेक करडू, आणि तिसरा हिस्सेदार म्हणून त्याच घरातील तान्हे मूल, ज्याच्या आईला स्वतःलाच पुरेसे अन्न नसल्यामुळे पान्हा फुटत नाही. १९७२ च्या सालाने असे किती प्रसंग दाखविले असतील ते त्या भागातील वृद्धांना विचारावे. अशा घरात मनुष्याच्या मुलाला प्रथम दूध द्यावे, हे मी क्षणाचाही संकोच न करता म्हणेन. पण त्या घरावर करडाचे जे ऋण चढते ते फेडण्याची ऐपत त्या घराजवळ नसते, आणि येथे विश्वस्ताचे कर्तव्य एका झोपडीतून उठून सरकारदरबारी येते. आपल्याकडे दुष्काळात चारा छावण्या उघडल्या जातात त्या मुख्यतः गायीबैलांसाठी. दावणीला बैल नसलेल्या कुटुंबाच्या शेळ्या आणि त्यांची करडे त्या तजविजीत शेवटी आठवतात, किंवा आठवतच नाहीत. भूतयज्ञ हा पंचमहायज्ञांपैकी एक आहे, आणि तो राजालाही लागू आहे. छावणीच्या यादीत शेळी लिहिली जावी, गाभण आणि व्यालेल्या शेळ्यांना स्वतंत्र खुराक मंजूर व्हावा, करडांसाठी कोरडी जागा राखून ठेवावी, आंत्रविषाराची लस आणि हगवणीवरचे औषध तालुक्याच्या दवाखान्यात पावसाच्या आधी येऊन पडावे, एवढी मागणी मी धर्माच्या नावाने करतो. आणि ती मामलेदाराच्या कचेरीत करण्याऐवजी केवळ देवळात करीत राहणे, हे त्या मागणीपासून पळ काढणे आहे असे मी समजतो.